मतदानाची सक्ती: ऑस्ट्रेलियाचा शंभर वर्षांचा अनुभव आणि आपल्यापुढचा प्रश्न

१/ निवडणूक झाली की मतदानाची टक्केवारी जाहीर होते आणि तिच्यापाठोपाठ एक सूचना हमखास पुढे येते: मतदान सक्तीचे करा, न करणाऱ्याला दंड लावा. उदाहरण ठरलेले असते, ऑस्ट्रेलियाचे. मात्र तिथे ही सक्ती कोणी आणली, कशासाठी आणली, तिच्यातून कोणाला वगळले आणि ती शंभर वर्षे टिकली कशाच्या बळावर, हे सहसा कोणी सांगत नाही. आजचा धागा त्या इतिहासाचा. शेवटी अर्थातच आपल्याकडे यायचे आहे. #धागा

२/ सुरुवात एका विसंगतीपासून करू. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांना परदेशी आघाड्यांवर पाठवण्यासाठी सक्तीची लष्करभरती हवी होती. त्यांनी जनतेचा कौल घेतला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी जनतेने नकार दिला. २० डिसेंबर १९१७ रोजी पुन्हा विचारले; नकार अधिक मोठ्या फरकाने आला. राज्यसंस्थेची सक्ती दोनदा झिडकारणाऱ्या याच समाजाने सातच वर्षांत मतदानाची सक्ती स्वीकारली आणि तीही जवळजवळ विनातक्रार. हे कसे घडले?

३/ पहिले कारण म्हणजे ही सक्ती एका दिवसात आली नव्हती. १९११ मध्ये मतदारयादीत नाव नोंदवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने राष्ट्रीय निवडणुकीचे मतदान शनिवारी घेण्याचे ठरले, म्हणजे कामगाराला बहुधा अर्ध्या किंवा पूर्ण सुटीच्या दिवशी मत देता यावे. हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी यादी, मग सोयीचा दिवस. मत न देणाऱ्याला जाब विचारण्याची वेळ त्यानंतर तेरा वर्षांनी आली.

४/ मतदानाची सक्ती प्रथम लागू केली ती क्वीन्सलँड राज्याने, १९१५ मध्ये. ती आणणारे डेनहॅम यांचे सरकार उदारमतवादी पक्षाचे होते. कामगार संघटना मजूर पक्षाचे मतदार शिस्तीने केंद्रावर आणतात, आपले मतदार मात्र घरी बसतात, ही त्या पक्षाची चिंता होती. कायदाच सर्वांना बाहेर काढील, मग संघटनेचा लाभ कोणालाच उरणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. निवडणूक झाली, सर्व जण बाहेर पडले आणि डेनहॅम यांचे सरकार पडले. मजूर पक्षाचे टी. जे. रायन सत्तेवर आले.

५/ म्हणजे सक्तीच्या जन्मामागे नागरिकधर्माची तळमळ जेवढी होती, तेवढेच पक्षीय गणितही होते. आणि ते गणित पहिल्याच वेळी चुकले. बेल्जियमचा अनुभव याच्या जोडीने पाहावा. १८९३ मध्ये सार्वत्रिक संपाच्या दबावाखाली तिथे सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला आणि त्याच वेळी मतदान बंधनकारक झाले. पण मालमत्ता, शिक्षण अशा निकषांवर काहींना एकाहून अधिक, कमाल तीन मते दिली गेली. नव्या कामगार मतदारांची धास्ती वाटणाऱ्यांना मवाळ आणि संपन्न वर्ग मतदानाला हवाच होता. सर्वांना हजेरी सक्तीची, मतांचे वजन मात्र विषम!

६/ आता ऑस्ट्रेलियाची संघीय संसद. १९१९ च्या निवडणुकीत सुमारे ७१ टक्के मतदान झाले होते. १९२२ मध्ये ते ६० टक्क्यांखाली घसरले. सर्वच पक्ष अस्वस्थ झाले. जुलै १९२४ मध्ये टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी सक्तीच्या मतदानाचे खासगी विधेयक मांडले. सरकारने ते स्वतः आणले नाही आणि अडवलेही नाही. दोन्ही सभागृहांनी ते त्याच महिन्यात, फारशी चर्चा न करता संमत केले.

७/ एवढी एकवाक्यता कशी झाली? एक कारण अगदी व्यावहारिक होते. मतदाराला घरातून उठवून केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च आणि खटाटोप तोवर पक्षांच्या माथी होता. सक्ती झाली की ते ओझे कायद्याच्या खांद्यावर जाणार होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९२५ मध्ये निवडणूक झाली. मतदान ९१ टक्क्यांवर गेले. टक्केवारी वाढवणे एवढाच उद्देश मानला, तर इतका परिणामकारक कायदा इतिहासात क्वचितच सापडेल.

८/ त्याच निवडणुकीतून पहिला मोठा खटला उभा राहिला. अर्नेस्ट जड हे समाजवादी कार्यकर्ते मत द्यायला गेले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, रिंगणातले सारे उमेदवार भांडवलशाहीचे समर्थक आहेत. त्यांपैकी एकालाही निवडणे माझ्या तत्त्वात बसत नाही. ‘योग्य आणि पुरेसे कारण’ असल्यास कायदा सूट देत होता. तत्त्वनिष्ठा हे तसे कारण मानावे की नाही, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे आला.

९/ १९२६ मध्ये बहुमताने निर्णय जड यांच्या विरोधात गेला. आजारपण, पूर, अपघात अशी प्रत्यक्ष अडचण हे कारण होऊ शकते. उमेदवार पसंत नसणे हे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. सक्तीविरुद्धचा सर्वांत भारदस्त आक्षेप हाच आहे आणि तो आजही निकालात निघालेला नाही: मौन हेही मत असू शकते का? आणि असेल, तर त्यावर दंड बसवावा का?

१०/ व्यवहारात या पेचातून वाट काढली ती गुप्त मतदानाने. छापील मतपत्रिकेवर गुप्तपणे मत देण्याची पद्धत १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत रूढ झाली. तिला जगभर ‘ऑस्ट्रेलियन मतपत्रिका’ म्हणून ओळखले गेले. पडद्याआड मतदार काय करतो हे कोणालाच दिसत नसेल, तर कायद्याची पकड प्रत्यक्षात हजेरीवरच बसते. कोरी मतपत्रिका पेटीत टाकणाऱ्याला पकडायचे कसे? आजही तिथे साधारण पाच टक्के मते बाद ठरतात. त्यांत चुका असतात, तसा निषेधही असतो.

११/ इथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. आता तिची दुसरी बाजू. ‘प्रत्येक’ नागरिकावर सक्ती, हे शब्द आपण सहज वापरतो. १९२४ च्या ऑस्ट्रेलियात या ‘प्रत्येक’मध्ये कोण होते? १९०२ च्या मताधिकार कायद्याने गौरवर्णी स्त्रियांना संसदेसाठी मत दिले आणि जगात कौतुक मिळवले. पण त्याच कायद्याने देशातील आदिवासींना, तसेच आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या मूळ रहिवाशांना (न्यूझीलंडचा अपवाद वगळता) मतदारयादीबाहेर ठेवले. आधीपासून राज्याच्या यादीत असलेले मोजके लोक तेवढे याला अपवाद.

१२/ या वगळलेल्यांत ऑस्ट्रेलियात राहणारे भारतीयही होते, आणि इथे पुण्याचा धागा जुळतो. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. त्यांच्यानंतर समाजाची धुरा व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. वसाहतींमधील भारतीयांना समान नागरी हक्क मिळावेत, या मागणीसाठी शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या दौऱ्यावर गेले. साम्राज्यातील एका प्रजेला दुसऱ्या भागात मत नाकारले जाते, ही विसंगती त्यांनी तिथल्या व्यासपीठांवरून मांडली.

१३/ १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा दुरुस्त करून ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना मताधिकार दिला. त्यांची संख्या अगदी अल्प होती, त्यामुळे हा निर्णय देणाऱ्यांना जड गेला नाही. तरी त्यातला अर्थ लक्षणीय आहे. ज्या वर्षी सक्तीची पहिली संघीय निवडणूक झाली, त्याच वर्षी या मूठभर लोकांना मतदारयादीत शिरण्याचा हक्क मिळाला. ज्यांना मत मिळवण्यासाठी झगडावे लागते, त्यांना मत देण्याची सक्ती करावी लागत नाही. हे सूत्र इथे दिसते आणि पुढेही दिसेल.

१४/ आदिवासींची प्रतीक्षा बरीच लांबली. १९४९ मध्ये सैन्यात सेवा केलेल्यांना आणि ज्यांना राज्यात मत होते त्यांना संघीय मताधिकार मिळाला. सर्वांना तो मिळाला १९६२ मध्ये. (१९६७ च्या सार्वमताने आदिवासींना मत मिळाले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. ते सार्वमत जनगणना आणि संसदेचे कायदे करण्याचे अधिकार यांसंबंधी होते.) १९६२ नंतरही त्यांची नावनोंदणी ऐच्छिकच राहिली. इतरांप्रमाणे ती बंधनकारक झाली १९८४ पासून.

१५/ म्हणजे मतदानाची सक्ती ‘सर्वांवर’ आहे असे जो देश साठ वर्षे म्हणत होता, त्याच्या ‘सर्वां’त त्या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी नव्हते. यातून मला एक गोष्ट उमगते. सक्तीच्या यादीत असणे हा एका अर्थी मानही आहे. ‘तुझ्यावाचून आमचा कौल अपुरा आहे’ असे राज्यसंस्था ज्याला सांगते, त्यालाच ती दंडाची नोटीस पाठवते. ज्याची अनुपस्थिती कोणाला जाणवतच नाही, त्याला दंडही होत नाही.

१६/ पण मग सक्तीची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. नागरिकाला ‘का आला नाहीस’ असे विचारायचे, तर ‘यायची सोय कुठे होती’ या प्रतिप्रश्नाचे उत्तर राज्यसंस्थेपाशी हवे. ऑस्ट्रेलियाने ते हळूहळू तयार केले. शनिवारचे मतदान, टपाली मतदान, आपल्या राज्यातील दुसऱ्या मतदारसंघाच्या केंद्रावरून मत देण्याची मुभा, मतदानाच्या दिवसापूर्वी मत देण्याची सोय, रुग्णालयांत आणि दूरच्या वस्त्यांवर जाणारी फिरती केंद्रे. संघीय निवडणुकीतला दंड आज अवघा वीस डॉलर आहे. त्या व्यवस्थेचा खरा भार सरकार उचलते. तरीही २०२२ मध्ये तिथले मतदान सक्तीच्या काळात प्रथमच ९० टक्क्यांच्या किंचित खाली आले.

१७/ याच्या उलट नेदरलँड्स. तिथे १९१७ पासून मतदानकेंद्रावर हजर राहणे बंधनकारक होते. १९७० मध्ये ते बंधन उठवले गेले. १९६७ च्या संसदीय निवडणुकीत मतदान सुमारे ९५ टक्के होते. १९७१ मध्ये ते ७९ टक्क्यांवर आले. पन्नास वर्षांच्या सवयीने नागरिकधर्म अंगी बाणतो, ही कल्पना त्यामुळे पूर्ण टिकत नाही. दुसरीकडे, सक्ती गेल्यावर लोकशाही कोसळलीही नाही. दोन्ही बाजूंच्या अतिरेकी भाकितांना हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

१८/ आता भारत. १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार होता तो तीन-साडेतीन कोटी लोकांना; मालमत्ता, कर, शिक्षण यांच्या अटींसह. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार झाले सतरा कोटींहून अधिक. बहुसंख्य निरक्षर. म्हणून उमेदवारागणिक चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली गेली. फाळणीने उखडलेल्या निर्वासितांची नावे, राहण्याचा इरादा जाहीर केल्यावर, प्राथमिक याद्यांत घेतली गेली. दंडाचा विचार कोणी केला नाही. मतदारापर्यंत पोहोचणे हेच मुख्य काम होते.

१९/ त्या कामातही एक जखम राहिली. उत्तर आणि मध्य भारतात अनेक स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. पुढच्या निवडणुकीपर्यंत यात बरीच सुधारणा झाली. क्षणभर कल्पना करा: १९५२ मध्ये मतदान सक्तीचे असते, तर या स्त्रियांना काय म्हटले असते? कर्तव्यच्युत?

२०/ पहिल्या निवडणुकीत साधारण ४५ टक्के मतदान झाले. २०१९ मध्ये ते ६७ टक्क्यांवर पोहोचले. २०२४ मध्ये ६६ टक्क्यांच्या जवळपास राहिले. हा पल्ला कोणत्याही दंडाविना गाठलेला आहे. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत मतदानाचा समावेश नाही. आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नोटा’चा पर्याय देताना कोणालाही मत न देण्याच्या हक्कालाही मान्यता दिली. १९२६ मध्ये जड यांना जे मिळाले नाही, ते काही अंशी आपल्याला मिळाले आहे.

२१/ सक्तीचा प्रयोग आपल्याकडे झाला तो गुजरातमध्ये. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीचे मतदान आणणारे विधेयक विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठवले, २०११ मध्ये ते पुन्हा संमत झाले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. दंड ठरला शंभर रुपये. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्ती नको अशीच शिफारस केली होती.

२२/ गंमत अशी की, राज्यसंस्थेच्या कर्तव्याचा सर्वांत सुंदर दाखलाही गुजरातमधलाच आहे. गीरच्या जंगलात बाणेज येथे एकाच मतदारासाठी मतदानकेंद्र उभारले जात असे. एका मतासाठी यंत्र, कर्मचारी, पोलीस, सारा लवाजमा सिंहांच्या रानात जायचा. शंभर रुपयांची नोटीस आणि एका मतदाराचे केंद्र, या दोन चित्रांत लोकशाहीच्या दोन वेगळ्या समजुती आहेत. एक नागरिकाला बोलावते, दुसरी त्याच्याकडे जाते.

२३/ महाराष्ट्रापुरते बोलू. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर. मतदारयादीत नाव गावाकडे, कोयता दुसऱ्या जिल्ह्यात. मतासाठी परतायचे तर मजुरी बुडणार, प्रवासखर्च वेगळा. सक्तीचा कायदा झाला तर पहिली नोटीस कोणाच्या दारावर लागेल? कुलूप लावलेल्या दारावर.

२४/ मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देण्याची तरतूद कायद्यात १९९६ पासून आहे. पण ज्याला मालकच एक नाही, त्याने सुटी मागायची कोणाकडे? टपाली मताची सोय सैनिकांना, निवडणूक कर्मचाऱ्यांना, दिव्यांगांना, ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आहे. स्थलांतरित मजुराला ती नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला. विरोधी पक्षांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या आणि तो पुढे सरकला नाही. शंका रास्त असतील. पण गरजही तितकीच खरी आहे.

२५/ सक्तीच्या समर्थकांचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. मतदान ऐच्छिक असले की संपन्न आणि संघटित गटांचा आवाज मोठा होतो, अशी भीती अनेक लोकशाहींत खरी ठरलेली आहे. सर्वांनी मत दिले की पक्षांना सर्वांचा विचार करावा लागतो. मात्र भारतात चित्र निराळे आहे. इथे गरीब वस्ती रांगेत उभी असते आणि सुखवस्तू शहरी मतदार जोडून आलेल्या सुट्यांचा बेत आखतो, ही तक्रार आपण दर निवडणुकीला ऐकतो. त्या सुखवस्तू मतदाराला शंभर रुपयांचे भय नाही. मजुराला आहे.

२६/ म्हणून ‘मतदान सक्तीचे असावे का?’ या प्रश्नाला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर असे: तत्त्वतः ती लोकशाहीविरोधी आहे असे मी म्हणणार नाही, ऑस्ट्रेलियाची शंभर वर्षे तसे म्हणू देत नाहीत. पण तिचा क्रम ठरलेला आहे. आधी अचूक यादी, मग प्रत्येकाच्या आवाक्यातले केंद्र, मग कामाच्या गावीही मत देण्याची खात्रीची सोय. राज्यसंस्थेने आपल्यावरची ही सक्ती पुरी केल्यावरच नागरिकावरच्या सक्तीची भाषा शोभते. आपण अजून दुसऱ्या पायरीवर आहोत आणि चौथीवर उडी मारण्याची घाई करतो आहोत.

२७/ पुढच्या निवडणुकीत टक्केवारी पाहून ‘लोक बेफिकीर आहेत’ असे म्हणण्याआधी एक करून पाहावे. न आलेल्यांतले किती जण येऊ शकत नव्हते, हे आपल्या गल्लीत, वसतिगृहात, बांधकामाच्या जागेवर विचारावे. उत्तरे ऐकून मग दंडाविषयी बोलू. आपल्या भागातले अनुभव खाली जरूर लिहा, आक्षेपही लिहा. धागा समाप्त.